नामदार नाना शंकरशेट आणि मुंबई बंदर

नामदार जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाचा उच्चार झाल्यावाचून आपल्या दैवज्ञ ज्ञातीचा मेळावा सहसा पार पडत नाही. त्यांचे दातृत्व, विद्येविषयीची त्यांची आस्था आणि सरकारदरबारी असलेले त्यांचे वजन यांची वर्णने आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तेव्हा त्याच गुणांची पुन्हा एकदा यादी देण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. नानांच्या चरित्राची एक बाजू आपल्याकडून काहीशी दुर्लक्षित राहिली आहे. समुद्रकाठचे एक बंदर मोठे शहर कसे होते, आणि ते शहर नीट चालावे म्हणून तेथील रहिवाशांनी काय करावे लागते, हे ज्या थोड्या एतद्देशीय गृहस्थांनी अगदी आरंभीच ओळखले, त्यांत नाना अग्रभागी होते. त्या बाजूचा परिचय ज्ञातिबंधूंना, विशेषतः तरुण मंडळींना, करून द्यावा एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वाघोलीसारख्या, समुद्रापासून दूर घाटमाथ्यावरच्या गावी राहणाऱ्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकास बंदराचा विचार कशाला सुचावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आमच्या दारापुढच्या नगर रस्त्यावर आहे. रांजणगावच्या कारखान्यांतील माल लोखंडी पेट्यांत भरून न्हावा-शेवा बंदराकडे नेणारी अवजड वाहने याच रस्त्याने जातात. त्या पेट्यांकडे पाहताना वारंवार मनात येते की, आपण समुद्र पाहिला नसला तरी समुद्र आपल्या दारापर्यंत आलेला आहे. हे दळणवळण ज्यांच्या काळी सुरू झाले, त्यांच्यापैकी एका थोर पुरुषाची ही हकीगत आहे.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी झाला. त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव मुरकुटे. आजोबा बाबुलशेट हे अठराव्या शतकात कोकणातून मुंबईस येऊन स्थायिक झाले, आणि वडील शंकरशेट यांनी व्यापारात मोठी संपत्ती आणि त्याहून मोठी पत मिळविली. दूरदेशीचे अरब आणि अफगाण व्यापारी आपले द्रव्य या घराण्याकडे विश्वासाने ठेवीत, असे सांगतात. सराफीच्या धंद्यात असलेल्या आपल्या कुटुंबांना या गोष्टीचे मोल समजावून सांगावयास नको. सोने तोलून देता येते. विश्वास तोलून देता येत नाही, तो पिढ्यानुपिढ्या साठवावा लागतो.

ज्या महिन्यात नाना जन्मले, त्याच महिन्यात मुंबईच्या कोटात मोठी आग लागली आणि शेकडो घरे जळून खाक झाली. या आपत्तीनंतर लोक कोटाबाहेर वस्ती करू लागले आणि आजच्या मुंबईचा विस्तार सुरू झाला. म्हणजे नाना आणि कोटाबाहेरची मुंबई ही जणू बरोबरीचीच भावंडे होत.

तोपर्यंत मुंबईची स्थिती कशी होती, हे येथे थोडे सांगितले पाहिजे. मुंबईचे बंदर निसर्गाने दिलेले आहे. पूर्वेकडचा खोल आणि वाऱ्यापासून सुरक्षित असा जलाशय पश्चिम किनाऱ्यावर दुसरीकडे क्वचितच आढळेल. इ. स. १६६१ मध्ये पोर्तुगीज राजकन्येच्या विवाहाच्या करारात ही बेटे इंग्लंडच्या राजाकडे गेली, आणि १६६८ मध्ये त्याने ती सालीना दहा पौंडांच्या खंडाने ईस्ट इंडिया कंपनीस देऊन टाकली. पुढे सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया हे कसबी जहाजबांधणीकार आले आणि १७५० मध्ये येथे सुकी गोदी तयार झाली. इतके असूनही मुंबई दीर्घकाळ मध्यम प्रतीचेच बंदर राहिली. याचे कारण समुद्रात नव्हते, ते जमिनीवर होते. बंदराच्या पाठीशी सह्याद्रीची भिंत उभी होती. वऱ्हाड-खानदेशचा कापूस लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून घाट उतरत असे. वाटेत धूळ, पाऊस आणि चोरी यांतून तो कसाबसा किनारा गाठी, तोपर्यंत त्याची किंमत आणि प्रत दोन्ही उतरलेली असत. चौल, दाभोळ, वसई ही बंदरे एके काळी भरभराटली आणि मागे पडली. सुरतेच्या तापीत गाळ साचला. बंदर म्हणजे घराचा दरवाजा होय. दरवाजा कितीही रुंद असला तरी घरात यावयास वाट नसेल आणि घरात व्यवस्था नसेल, तर तो नुसता वाऱ्याला उघडा राहतो.

इ. स. १८२२ मध्ये वडिलांचे निधन झाले आणि एकोणिसाव्या वर्षी मोठ्या मिळकतीचा भार नानांवर पडला. घरीच उत्तम शिक्षक ठेवून त्यांना संस्कृत व इंग्रजी शिकविण्यात आले होते. या वयात एवढा पैसा हाती आलेले तरुण कोणत्या मार्गास लागतात, हे आपण सर्व जाणतो. नानांनी त्याच सुमारास स्थापन झालेल्या एतद्देशीयांच्या शाळा व शाळापुस्तक मंडळीच्या कामात लक्ष घातले. १८२७ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टन निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ लोकांनी दोन लाख रुपयांहून अधिक निधी जमविला आणि त्यातून पुढे एल्फिन्स्टन विद्यालय उभे राहिले. या खटपटीत नाना प्रमुख होते. १८४० मध्ये शिक्षणमंडळ स्थापन झाले, तेव्हा त्यावरील एतद्देशीय सभासदांत ते होते. सर अर्स्किन पेरी यांच्यासारखा वजनदार न्यायाधीश इंग्रजीचाच आग्रह धरीत असता, सामान्य जनतेस ज्ञान द्यावयाचे तर ते तिच्या मातृभाषेतूनच दिले पाहिजे, अशी बाजू नानांनी निर्भयपणे मांडली. १८४९ मध्ये मुलींच्या शाळा निघाल्या, तेव्हा लोकनिंदेची पर्वा न करता त्यांनी आपल्या वाड्यात मुलींच्या शाळेस जागा दिली. ज्याने आयुष्यभर मुलांना मराठीतून भूगोल शिकविला, त्याला हे लिहिताना कृतज्ञता वाटल्यास नवल नाही.

आता बंदराकडे वळू. नाना ऐन तारुण्यात असता, १८३० या एकाच वर्षी मुंबईच्या दोन्ही अंगांना दोन वाटा उघडल्या. मुंबईतच बांधलेली ह्यू लिंडसे नावाची आगबोट त्या वर्षी सुएझकडे निघाली आणि विलायतेची टपाल लवकर येण्याचा मार्ग दिसू लागला. त्याच वर्षी बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि पुण्याकडील माल चाकांवरून खाली उतरू लागला. पण गाडीरस्त्याने बंदराची भूक भागेना. १८४६ मध्ये अमेरिकेतील कापसाचे पीक बुडाले, तेव्हा लँकेशायरचे गिरणीवाले हिंदुस्थानकडे पाहू लागले. येथे कापूस होता आणि बंदरही होते. उणीव होती ती दोहोंमधल्या वाटेची.

ही उणीव आगगाडीनेच भरून निघेल, हे मुंबईच्या काही दूरदर्शी गृहस्थांनी त्याच्याही आधी हेरले होते. १८४५ मध्ये रेल्वेच्या प्रसारासाठी मुंबईत जी मंडळी एकत्र आली, तीत सर जमशेटजी जीजीभाई यांच्याबरोबर नाना आघाडीवर होते. आगगाडी हा प्रकार येथील लोकांनी पाहिलेला नव्हता. घोड्याविना गाडी चालते ही पुष्कळांना भुताटकी वाटत होती. अशा वेळी प्रतिष्ठित एतद्देशीयांनी आपले नाव आणि पत या कल्पनेच्या पाठीशी उभी करणे ही सामान्य गोष्ट नव्हती. १८४९ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीची कायद्याने स्थापना झाली, आणि तिच्या मुंबईतील संचालकांत जमशेटजी आणि नाना यांना स्थान मिळाले.

शनिवार, १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी, सुमारे चारशे निमंत्रितांना घेऊन, चौदा डब्यांची पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्यास निघाली. अंतर एकवीस मैलांचे. निमंत्रितांत नाना होतेच. ही गाडी कोठून निघाली हे मुलांना विचारले की ती चटकन बोरीबंदर म्हणून सांगतात. पण त्या नावात बंदर का आहे, असे विचारले तर गप्प बसतात. बोरी म्हणजे पोती. गोण्या उतरविण्याचा धक्का जेथे होता तेथेच रुळांचा आरंभ झाला. आगगाडीने पहिले पाऊल समुद्राच्या काठावर ठेवले, यात त्या सर्व उद्योगाचा हेतू स्पष्ट दिसतो.

पुढे जून १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा मार्ग खुला झाला. परंतु मधला बोरघाट अजून शिल्लक होता. त्या पाच वर्षांत मुंबईहून येणारा पुणेकर उतारू पायथ्याशी खोपोलीजवळ गाडीतून उतरे, घाट पालखीतून किंवा तट्टावरून चढे आणि खंडाळ्यास पुन्हा गाडीत बसे. घाटातील काम १८५६ मध्ये सुरू झाले. पंचवीस बोगदे खोदावे लागले. ऐन भराच्या वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर तेथे राबत होते, आणि पटकी व ताप यांनी हजारोंच्या संख्येने ते दगावले. १८६३ च्या एप्रिलमध्ये घाटमार्ग खुला झाला. १८६५ च्या आरंभी थळघाटही ओलांडला गेला. आज आपण सुखाने गाडीत बसून बोगदे मोजतो, तेव्हा त्या अनामिक मजुरांचे स्मरण ठेवणे हे आपले कर्तव्य आहे. रेल्वेच्या भांडवलावर इंग्रज भागीदारांना शेकडा पाच व्याजाची हमी देण्यात आली होती आणि तिचा बोजा अखेर येथील करदात्यांवर पडला, हेही नमूद केले पाहिजे. थोर पुरुषांनी हाती घेतलेल्या कार्यासही हिशेबाची दुसरी बाजू असते.

येथपर्यंत वाट झाली. पण नाना इतक्यावर थांबले नाहीत, आणि त्यांच्या चरित्राचा खरा धडा मला येथेच दिसतो. माल आला, माणसे आली, पैसा आला, म्हणजे शहर झाले असे नव्हे. त्या माणसांना पाणी कोण देणार, मैला कोण उचलणार, कराचा विनियोग कसा होतो हे कोण पाहणार, हे प्रश्न लगेच पुढे येतात. १८४९ मध्ये मुंबईची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या वर मोजली गेली होती. १८५४ मध्ये पाऊस कमी पडला आणि विहिरी-तलाव आटले, तेव्हा बाहेरून होड्यांतून व आगगाडीतून पाणी आणण्याची पाळी या श्रीमंत शहरावर आली. त्या धड्यानंतर विहार तलावाचे काम हाती घेण्यात आले आणि १८६० मध्ये ते पुरे झाले. ज्या शहराने साता समुद्रांवरून जहाजे आणली, त्याला प्यावयाचे पाणी आणावयास त्यामानाने किती उशीर लागला!

नाना जस्टिस ऑफ दि पीस होते. त्या काळी शहराच्या व्यवस्थेची सूत्रे या जस्टिस मंडळीच्या हाती असत, आणि एतद्देशीयांना तेथे प्रवेश मिळाला तो मोठ्या प्रयासाने. आरोग्य व रस्ते यांसाठी १८४५ मध्ये जे मंडळ झाले, त्यातही एतद्देशीय जस्टिसांना जागा ठेवण्यात आल्या. पण चार-दोन नेमलेल्या सभासदांनी प्रजेचे गाऱ्हाणे मांडले जात नाही, हे नानांना उमगले होते. म्हणून २६ ऑगस्ट १८५२ रोजी बॉम्बे असोसिएशनची स्थापना झाली, तेव्हा त्यांनी पुढाकार घेतला. डॉ. भाऊ दाजी, दादाभाई नौरोजी यांच्यासारखे तरुण या संस्थेत होते. कंपनीच्या सनदेची मुदत संपत आली होती. ती संधी साधून, राज्यकारभारात येथील लोकांना स्थान मिळावे, खर्च कमी व्हावा आणि लोकोपयोगी कामे वाढावीत, असा अर्ज संस्थेने विलायतेच्या पार्लमेंटकडे धाडला. काहींना तो अर्ज फार कडक वाटला आणि ते बाजूला झाले. नाना डगमगले नाहीत.

१८५७ च्या धामधुमीत त्यांच्यावरही संशयाची दृष्टी वळली. चौकशी होऊन ते निर्दोष ठरले. ज्या सरकारशी आयुष्यभर सरळपणाने वागले त्याच्याकडूनच संशय घेतला जाणे, हे मानी मनुष्यास किती लागले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. परंतु त्यांनी सार्वजनिक काम सोडले नाही. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंमध्ये त्यांचे नाव आहे, आणि १८६२ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्यांची नेमणूक झाली. तेव्हापासून ते नामदार झाले.

याच सुमारास मुंबईवर एक विलक्षण प्रसंग आला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैशाचा पूर लोटला. समुद्र बुजवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या. बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा भाग पन्नास हजारांच्या घरात गेला. कारकून, वकील, दुकानदार, सर्वांनाच भागांचे वेड लागले. १८६४ च्या खानेसुमारीत लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. बंदराचे धक्केही खाजगी कंपनीच्या ताब्यात जाऊ लागले. १८६५ च्या वसंतात अमेरिकेतील युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांची मुदत भरताच मोठमोठ्या पेढ्या जमीनदोस्त झाल्या. १८७२ च्या खानेसुमारीत शहराची लोकसंख्या ६,४४,४०५ वर आली होती. पैसा आला तसा गेला. मागे राहिले ते रूळ, तलाव, शाळा आणि संस्था.

त्याच महिन्याच्या अखेरीस, ३१ जुलै १८६५ रोजी, वयाच्या बासष्टाव्या वर्षी नाना निवर्तले. चिरंजीव विनायकराव यांनी त्यांच्या स्मरणार्थ मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतात पहिल्या येणाऱ्यास शिष्यवृत्ती ठेवली. १९१२ मध्ये ती मिळविणारे चिंतामणराव देशमुख पुढे देशाचे अर्थमंत्री झाले. टाउन हॉलमधील नानांचा संगमरवरी पुतळा पुष्कळांनी पाहिला असेल. परंतु मला ती शिष्यवृत्ती हेच त्यांचे अधिक जिवंत स्मारक वाटते.

नानांच्या पश्चात घडलेल्या दोन गोष्टी सांगितल्यावाचून ही हकीगत पुरी होत नाही. बंदराचे धक्के एका कंपनीच्या मक्तेदारीत राहणे व्यापारास घातक आहे, हे सरकारच्या ध्यानी आले. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्याने तर मुंबई हे विलायतेहून येणाऱ्या जहाजांचे पहिले द्वारच ठरले. तेव्हा सरकारने ती कंपनी विकत घेतली आणि १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट हे स्वतंत्र मंडळ स्थापन केले. त्यानंतर १८७५ मध्ये ससून गोदी, १८८० मध्ये प्रिन्सेस गोदी, आणि पुढे व्हिक्टोरिया व अलेक्झांड्रा या गोद्या क्रमाने झाल्या. दुसरी गोष्ट १८७२ च्या कायद्याची. त्या कायद्याने मुंबईच्या नगरसभेतील चौसष्टांपैकी बत्तीस सभासद करदात्यांनी निवडावयाचे ठरले. बंदराला एक मंडळ आणि शहराला एक सभा, अशी ही जोड जमली, तेव्हा मुंबईची वाढ स्थिर पायावर आली. ज्या मागणीचे बी १८५२ च्या अर्जात होते, तिचे हे पहिले फळ मानावयास हरकत नाही.

आता वाघोलीकडे येतो. आमचे गाव पूर्वी शेते, दगडखाणी आणि वाघेश्वराचे देऊळ यांसाठी ओळखले जाई. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत येथे उंच इमारती उठल्या आणि आपली कितीतरी ज्ञातिकुटुंबे पेठांतून व बाहेरगावांहून येथे राहावयास आली. रस्त्याने कारखाने आले, कारखान्यांनी माणसे आली. गावचा कारभार मात्र ३० जून २०२१ पर्यंत ग्रामपंचायतीकडे होता. त्या दिवशी आणखी बावीस गावांबरोबर वाघोली पुणे महानगरपालिकेत आली. पुढील मार्चमध्ये पालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. म्हणजे कर भरू लागलो, पण विचारणा करावयास आपला निवडलेला सभासद नाही, अशी स्थिती आम्ही काही काळ अनुभवली. १८५२ च्या मुंबईकरांची अडचण मला पुस्तकात कळली नव्हती, ती तेव्हा कळली.

येथे एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात आमच्या वसाहतीत पाणी टँकरने येत होते. त्याविषयी विचार करण्यासाठी रहिवाशांची सभा बोलाविली होती. शंभरावर बिऱ्हाडांतून अकरा माणसे आली. मी त्या अकरांत नव्हतो. घरी पाहुणे आहेत, असे कारण मी सांगितले. पाहुणे होते हे खरे, पण ते संध्याकाळी यावयाचे होते. ज्याने पस्तीस वर्षे मुलांना नागरिकशास्त्र शिकविले, तो स्वतः सभेस गेला नाही. दुसऱ्या दिवशी रांगेत हंडा घेऊन उभा असता माझीच एक जुनी विद्यार्थिनी पुढे उभी होती. ती आदल्या दिवशी सभेस गेली होती. तिने मला काही विचारले नाही, एवढेच तिचे सौजन्य.

त्या दिवसापासून मी सभा चुकविलेली नाही. अर्ज लिहितो, पोच घेतो, उत्तर आले नाही तर स्मरणपत्र पाठवितो. फार मोठे काही झाले असे नाही. पण पूर्वी अकरा माणसे येत, ती आता चाळीस येतात.

नानांच्या जयंतीस आपण तसबिरीला हार घालतो, तो अवश्य घालावा. नाना आपल्या ज्ञातीचे भूषण होत. परंतु त्यांनी शाळा, रेल्वे आणि असोसिएशन काढताना ज्ञात पाहिली नाही. पारशी, मुसलमान, गुजराती आणि इंग्रज यांच्या मांडीला मांडी लावून ते बसले, पटले तेथे त्यांना साथ दिली आणि पटले नाही तेथे विरोध केला. आपल्या मुलांपैकी कोणी उद्या बंदरात, रेल्वेत किंवा नगरसभेत कामास जाईल. त्याला पगार किती, हे आपण विचारतोच. तेथे तू कोणाच्या सोयीचे काय काम केलेस, हेही त्याला घरी विचारले जावे. आणि पाण्याची, रस्त्याची किंवा कराची सभा असेल त्या दिवशी प्रत्येक ज्ञातिकुटुंबातून निदान एका माणसाने तेथे जाऊन बसावे, एवढी विनंती करून ही लेखणी खाली ठेवतो.